मेंढ्याचा कान

प्रिय बुरुलाय,

तू माझा फोन उचलत नाहीस, आणि ते योग्यच आहे. उचलला असतास, तर मास्तरांना म्हणतात तसे "बरं, आगाय" एवढे म्हणून तू मोकळी झाली असतीस आणि माझे वाक्य अर्धेच राहिले असते. अर्धी वाक्ये मला वर्गात कधी चालली नाहीत, आता या वयात काय चालणार? म्हणून हे पत्र. दुपारी आपल्या गावाकडे जी गाडी सुटते तिच्या चालकाकडे ते देणार आहे. तो तुझ्या आईच्या दारात पोचवील. लिफाफा उघडलेला दिसला, तर त्याने वाटेत वाचले असे समज. माझी हरकत नाही. त्याच्या एकूण वाचनात तेवढीच भर.

मी सरोवराकाठच्या आरोग्यधामात आहे, हे तुला ठाऊक आहेच. सगळ्या विद्यापीठाला ठाऊक आहे. इथे सकाळी सात वाजता एक परिचारिका आम्हां म्हाताऱ्यांना भिंतीशी ओळीने उभे करते आणि आमच्या गुडघ्यांना गरम चिखल फासते. नऊ वाजता पाणचट लापशी. अकरा वाजता एक डॉक्टर येतो, माझ्या छातीला नळी लावतो आणि नळी ऐकण्याऐवजी स्वतःच बोलत राहतो. दाराजवळच्या सूचनाफलकावर सहा ओळी आहेत आणि नऊ चुका. पहिल्या दिवशी मी त्या पेन्सिलीने दुरुस्त केल्या, दुसऱ्या दिवशी कोणीतरी नवा कागद लावला, त्यात अकरा होत्या. सरोवर मात्र चांगले आहे. त्याची व्यवस्था अजून कोणत्याही समितीकडे गेलेली नाही.

विद्यापीठातल्या आपल्या कर्मचारी संघटनेची आठवण इथे फार येते. तिने आजवर काय दिले ते मी चिखलात उभा असताना मोजून पाहिले: नववर्षाला मुलांसाठी गोळ्यांची पिशवी, आठ मार्चला बायकांसाठी कप, शरद ऋतूत पिठाचे पोते, आणि ज्यांनी वर्षभर तोंड उघडले नाही त्यांना या आरोग्यधामात फुकट राहण्याची चिठ्ठी. तोक्तोसून गेली सोळा वर्षे तिचा अध्यक्ष आहे. त्याची खोली रेक्टरच्या खोलीला लागून आहे आणि मधल्या भिंतीला दार आहे. पलीकडे कोणी खोकले, तर हा पाण्याचा पेला घेऊन उठतो. आणि ज्याच्याशी आपण भांडायचे तो रेक्टर एसेनालीही त्याच संघटनेचा सभासद. वर्गणी भरतो, कप घेत नाही, एवढाच फरक. वाटाघाटींच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना एकाच संघटनेची माणसे बसतात आणि एकमेकांना विनंती करतात, असा प्रकार मी दुसरीकडे पाहिलेला नाही; पण मी फार फिरलेलोही नाही.

अशा संघटनेकडून तू काही मागायला निघालीस, तेव्हा मला तुझी कीव आली होती. तू ऑक्टोबरात माझ्याकडे आलीस, बोटांना प्रयोगशाळेतल्या आयोडीनचे डाग, हातात फाइल. जानेवारी आला की कोळसा परवडत नाही म्हणून इमारती बंद होतात. त्या दोन महिन्यांसाठी प्रयोगशाळेतल्या, ग्रंथालयातल्या, वसतिगृहातल्या बायकांना कार्यालयात बोलावून घेतात आणि प्रत्येकीकडून तोच अर्ज लिहून घेतात: मी स्वेच्छेने बिनपगारी रजा मागत आहे. तू मला मागच्या हिवाळ्यातल्या ऐंशी अर्जांच्या प्रती दाखवल्या होत्यास. ऐंशी बायकांना एकाच दिवशी, एकाच शाईने, घरी बसून थंडीत कुडकुडण्याची इच्छा झाली होती. नव्या करारात तुला एकच कलम हवे होते, नववे: बंदीचा काळ पगारी धरला जावा आणि असा अर्ज कोणाकडूनही मागितला जाऊ नये. त्याखाली दोनशे अकरा सह्या होत्या. मी विचारले, माझ्यासारख्या निवृत्तीनंतर आठवड्याला दोन तास शिकवणाऱ्या माणसाचे यात काय काम? तू म्हणालीस, "आगाय, मला उठवून लावणं त्यांना सोपं आहे. तुम्ही बसलात, की तुम्ही उठल्याशिवाय कुणाला उठता येणार नाही."

हे तू म्हणालीस आणि मी ते स्तुती म्हणून घेतले. त्यातले काम मी ऐकलेच नाही.

वाटाघाटींच्या समितीत आपण कर्मचाऱ्यांच्या बाजूने पाच जण होतो. तोक्तोसून, तू, मी आणि ते दोघे, ज्यांची नावे मी जाणूनबुजून लिहीत नाही. त्यांनी मान डोलावण्यापलीकडे काही केले असते, तर लिहिली असती. पहिल्या बैठकीत माझ्यापुढे मसुदा ठेवला गेला. भाषा इतकी भयंकर होती की मला पुढचे काही दिसेना. कर्ता एकीकडे, क्रियापद दुसरीकडे, आणि मधे तीन ओळींचे अरण्य. मी लाल पेन्सिल काढली. एसेनाली हसला आणि म्हणाला, की आगायनी मला व्याकरणात दोनदा नापास केलं होतं, आज करारात नापास करू नका म्हणजे झालं. सगळे हसले. मीही हसलो. त्याला तिसऱ्यांदा पास केले, याचा मला आजवर झाला नव्हता एवढा पश्चात्ताप आता होतो. पहिल्या दोन बैठका मी एकेचाळीस चुका दुरुस्त करण्यात घालवल्या. तू तीनदा नववे कलम काढलेस आणि तिन्ही वेळा तोक्तोसून म्हणाला, आधी आगायचं होऊ दे. मी मान वर करून पाहिलेसुद्धा नाही. मला वाटत होते, मी आपल्या बाजूचा किल्ला लढवत आहे. मी त्यांना शुद्धलेखन करून देत होतो, तेही फुकट.

तिसरी बैठक दुपारी बारा वाजता, रेक्टरच्या पाहुण्यांच्या दालनात होती. आत गेलो तर टेबले नव्हतीच. जमिनीवर जेवणाचे दस्तरखान पसरलेले, त्यावर तळलेल्या बोर्सोकचा ढीग, लोणी, जर्दाळूचा मुरांबा, आणि घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा कुमिस. तिथेच मागे फिरायला हवे होते. वाटाघाटी जेवणावर ठेवल्या, की वाटाघाटी नसतात, जेवण असते, हे मला माहीत नव्हते असे मी म्हणणार नाही. मला मानाच्या जागेवर, दारासमोर बसवले. मेंढ्याचे डोके माझ्यापुढे आले. सत्तर वर्षांपूर्वी माझ्या आजोबांपुढे ते येत असे आणि मी पोरगा त्यांच्या सुरीकडे पाहत असे. आपल्यापुढे ते आले, की माणसाची पाठ आपोआप ताठ होते. मी कान कापला. रिवाज असा, की कान सर्वांत लहानाला द्यायचा, म्हणजे त्याने मोठ्यांचे ऐकावे. खोलीत सर्वांत लहान तू होतीस. चौतीस वर्षांची, एका मुलीची आई, दोनशे अकरा बायकांचे म्हणणे मांडीवरच्या फाइलमध्ये घेऊन बसलेली. मी तो कान तुझ्या ताटात टाकला आणि म्हणालो, "घे, जरा ऐकायला शीक." त्यावर एसेनाली सगळ्यांत मोठ्याने हसला.

तू तो खाल्लास. मग हात पुसलेस, फाइल उघडलीस आणि म्हणालीस, "आता नवव्या कलमाचं." तेवढ्यात तोक्तोसून माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज मी एवढा मृदू ऐकला नव्हता. म्हणाला, "अक्साकाल, सगळ्यांचं जेवण झालंय. दुवा द्या." सर्वांत वडीलधाऱ्याने दुवा दिल्यावर काय होते ते आपल्या चार वर्षांच्या पोरालाही कळते: तळवे चेहऱ्यावरून फिरले, की जेवण संपले, बोलणे संपले, बसलेला उठतो, आणि त्यानंतर जो तोंड उघडील त्याचे संस्कार काढले जातात. मी तुझ्याकडे पाहिले. तुझे तोंड उघडे होते, बोट कागदावर होते. आणि मी तळवे उघडले. मी फार सुंदर दुवा दिली, बुरुलाय. घराला सुख, चुलीला ऊब, विद्यापीठाला एकोपा; एकही शब्द जास्त नाही, एकही कमी नाही. चुलीला ऊब. तुलाही फाइल खाली ठेवून तळवे उघडावे लागले. सगळे "ओमीन" म्हणाले, सगळे उठले, आणि बाहेरच्या व्हरांड्यात एसेनालीची सचिव करारनामा घेऊन उभीच होती. आठ कलमे होती, भाषा निर्दोष होती. मी सही केली, कारण त्याच कागदाला दुवा देऊन मी उठलो होतो. तू केली नाहीस. जिन्यावर माझ्या शेजारून उतरताना तू एवढेच म्हणालीस, "कान चांगला शिजला होता, आगाय."

त्यानंतर चौथ्या दिवशी तोक्तोसून घरी आला, आरोग्यधामाची चिठ्ठी घेऊन. माझे गुडघे, माझी सेवा, संघटनेची कृतज्ञता. सोळा वर्षे ज्या चिठ्ठीचा मी वर्गात उपहास केला, ती मी दोन्ही हातांनी घेतली. सर्वसाधारण सभेत करार मंजूर व्हायचा होता, म्हणून मी तारीख विचारली, तो म्हणाला, "तुम्ही परतल्यावरच घेऊ, तुमच्याशिवाय कशी घेणार?" आणि माझे मतदानाचे लाल कार्ड प्रवासात हरवू नये म्हणून तो ते सांभाळायला घेऊन गेला. मी त्याला ते लिफाफ्यात घालून दिले, त्यावर माझे नाव सुवाच्य अक्षरांत लिहिले. एवढा काटेकोर मूर्ख तुला दुसरा सापडायचा नाही.

इथे माझ्या खोलीत सातिबाल्दी म्हणून एक म्हातारा आहे, बसच्या आगारातून निवृत्त झालेला, नेहमी चुकीची विभक्ती लावणारा, खाताना गाणारा. पहिले तीन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर आम्ही चौघे होतो: तो, जिल्हा रुग्णालयाचा एक जुना कंपाउंडर, वीज कचेरीतला एक, आणि मी. सातिबाल्दीने लापशीचा चमचा बाजूला ठेवला, माझ्याकडे निरखून पाहिले आणि अगदी सहज विचारले, "आणि मास्तर, तुम्ही कशावर सही केलीत?" बाकीचे दोघे बशीत पाहू लागले. त्याने आगारातल्या चालकांच्या पाळ्यांवर सही केली होती. कंपाउंडरने रात्रपाळीच्या भत्त्यावर. आम्ही सगळे आपापल्या ठिकाणचे ज्येष्ठ होतो, आणि आम्हां सगळ्यांचे गुडघे एकाच हंगामात दुखू लागले होते. त्या माणसाला विभक्ती येत नाही. त्याला बाकी सगळे येते.

काल मी ग्रंथालयात फोन केला, एका पुस्तकाची मुदत वाढवायला, म्हणजे मी स्वतःला तसे सांगितले. ग्रंथपालबाईंनी सांगितले, की सभा या शुक्रवारी अकरा वाजता आहे. सूचना मी निघालो त्याच संध्याकाळी लागली म्हणे. मग त्या म्हणाल्या, की तू नोकरी सोडण्याचा अर्ज लिहून ठेवला आहेस, स्वेच्छेने, आणि शनिवारच्या गाडीने नोवोसिबिर्स्कला निघाली आहेस, कसल्याशा गोदामात खोकी भरायला. मुलगी तुझ्या आईपाशी राहील. मी फोन ठेवला. पहिल्या वर्षाच्या मुलांना काचेच्या नळीतून थेंब मोजून टाकायला कोण शिकवणार, असा विचार आधी मनात आला. मग दुसरा आला, आणि तो लिहिण्याजोगा नाही.

तेव्हा आता ऐक. हा शब्द वापरायचा हक्क मी गमावला आहे, तरी ऐक. हे पत्र तुझी क्षमा मागण्यासाठी नाही. ती तू द्यावीस असे मी काही केलेले नाही. एक काम सांगायला लिहितो आहे. तुझा अर्ज शुक्रवारी दुपारपर्यंत कोणाच्याही हाती देऊ नकोस. मी उद्या सकाळच्या गाडीने निघतो आहे. डॉक्टर सुटीच्या कागदावर सही देत नाही म्हणाला, मी त्याला म्हटले, माझ्या सह्यांनीच पुष्कळ झाले आहे. शुक्रवारी साडेदहाला तोक्तोसूनकडून माझे कार्ड परत घेईन आणि पहिल्या रांगेत बसेन. सभा सुरू झाली, की मी उभा राहून एकच वाक्य बोलणार आहे: त्या दिवशी मी दुवा जेवणाला दिली, कराराला नाही. दिलेली दुवा कोणी म्हाताऱ्याने माघारी घेतल्याचे मी शहात्तर वर्षांत पाहिलेले नाही. म्हातारा चळला असे लोक म्हणतील, म्हणू देत. मग तू उठ आणि नववे कलम वाच, दोनशे अकरा नावांसकट, सावकाश. ते घाईने दुवेवर येतील, तोक्तोसून तोच मृदू आवाज काढील. पण त्या सभागृहात माझ्याहून मोठा कोणी नाही, आणि मी समोर बसलेला असताना दुसऱ्या कोणालाही तळवे उघडता येत नाहीत, एसेनालीलाही नाही. तू मला ऑक्टोबरात सांगितलेले काम मी आता करणार आहे. माझे हात माझ्या गुडघ्यांवर असतील, जिथे त्यांना चिखल लावतात तिथे, आणि तुझे शेवटचे नाव वाचून होईपर्यंत कोणी उठणार नाही.

तुझाच,
जुमादिल