नव्वद टक्के रुग्ण बरे झाले

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, अविवाहित, निवृत्त मुद्रितशोधक, हे माझे एकमेव मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यात एक वेलांटी चुकली आहे, पण मजकूर खरा आहे. मला उभ्या आयुष्यात उलटाच माल जास्त मिळाला: वेलांट्या बिनचूक आणि मजकूर खोटा.

१. राहते घर, म्हणजे दोन खोल्या व गच्ची, माझ्या दिवंगत धाकट्या बहिणीच्या मुलीला द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. तिच्या वडिलांनी घरावर हक्क सांगू नये. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा या गृहस्थांना एकच वाक्य येत होते, "पुस्तकात लिहिलंय ना!"

२. माझी नऊशे पुस्तके जवळच्या वाचनालयाला द्यावीत. समासातले पेन्सिलीचे प्रश्न खोडू नयेत. कोणी सांगितले? किती जणांपैकी? सांगणाऱ्याचा यात फायदा काय? फिरून फिरून तेच आहेत. ग्रंथपाल म्हणतात, अशाने पुस्तक खराब होते. तीन प्रश्नांनी जे खराब होते ते मुळातच नासलेले असते.

३. छापखान्याच्या मालकांना माझ्याकडून काहीही नाही. मधुमेहावरच्या एका पुस्तकाची मुद्रिते माझ्याकडे आली होती. लेखक स्वतःला डॉक्टर म्हणवत. पदवी होतीही, अलंकारशास्त्रातली. पान एकशे बारावर वाक्य होते, "एका पाहणीत, सुया-गोळ्या सोडलेले नव्वद टक्के रुग्ण बरे झाले." मी समासात लिहिले, "कोणती पाहणी? रुग्ण किती?" मालकांनी ते माझ्यादेखत खोडले.

"बाई, तुम्हाला ऱ्हस्व-दीर्घ बघायला ठेवलंय. बाकीची अक्कल लेखकाची."

मी मुकाट्याने पुढचे पान घेतले. अकरा आवृत्त्या निघाल्या. शुद्धलेखनाची एक चूक कोणी दाखवावी!

माझ्या बहिणीने ते पुस्तक वाचून इन्सुलिन बंद केले. पाय काळा पडला, गुडघ्याखाली कापावा लागला, आणि चौथ्या महिन्यात ती गेली. मला कळले तेव्हा फार उशीर झाला होता.

४. माझे भिंग त्या लेखकांना द्यावे. बहीण गेल्यावर मी त्यांच्या घरी जाऊन विचारले, "ती पाहणी कुठली?"

चहा ढवळत म्हणाले, "अहो, ओळखीच्या दहा जणांना विचारलं. नऊ जण म्हणाले, बरं वाटतंय."

"आणि दहावा?"

"दहावी आमची मेहुणी. ती मुळातच शंकेखोर."

"त्या नऊ जणांतले आज किती आहेत?"

"ते कोण मोजत बसतं?"

"बरं वाटतंय" आणि "बरे झाले" यांतला फरक कळत नसताना यांना शब्दांची पदवी कोणी दिली, हे त्या विद्यापीठालाच ठाऊक.

५. बँकेतील शिल्लक रकमेतून भाचीने एक शुद्धिपत्र छापावे आणि जी वाचनालये परवानगी देतील त्यांच्या प्रतींत चिकटवावे. मजकूर असा: "पान ११२, ओळ ७. 'नव्वद टक्के रुग्ण बरे झाले' याऐवजी 'माझ्या ओळखीचे नऊ जण बरं वाटतंय म्हणाले. पुढे मी चौकशी केली नाही' असे वाचावे."

६. हे कलम कच्च्या मसुद्यात नव्हते. मसुदा वाचताना भाची तिसऱ्या कलमापाशी थांबली.

"मावशी, 'मला कळले तेव्हा'. कधी कळलं तुला?"

"वकिलांनी वाचलंय ते. चालेल."

"मला नाही चालत. आईनं तुला फोन केला होता. मी तिच्या शेजारीच बसले होते."

म्हणून नोंदवते. इन्सुलिन बंद करण्याच्या आदल्या दिवशी बहिणीने मला विचारले होते, "ताई, हे तुझ्या नजरेखालून गेलंय ना? खरं आहे का गं?" माझ्यापुढे दुसऱ्या पुस्तकाची मुद्रिते पडली होती, संध्याकाळपर्यंत द्यायची होती. मी म्हणाले, "छापलंय म्हणजे असेल काहीतरी."

तिसऱ्या कलमातले शेवटचे वाक्य खोटे आहे. मी ते खोडलेले नाही. खोटे किती साळसूद दिसते, ते वाचणाऱ्याने पाहावे.

यानंतर मी भाचीला विचारले, "घर घेशील ना?" तिने कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि चपला घातल्या. आज सहा दिवस झाले, उत्तर आलेले नाही. पहिले कलम तरीही कायम आहे.

सही केली: मृत्युपत्र करणारी

आमच्या दोघींसमोर तिने सही केली व तिच्यासमोर आम्ही केली:
(१) समोरच्या घरातील निवृत्त परिचारिका
(२) खालच्या मजल्यावरची शिंपीण

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: बुधवार, ९ मार्च २०२२