फळीच्या उतारावरून आलेल्या अळ्या

सोमवार, दिवेलागण झाल्यावर

बदकांनी अळ्या खाल्ल्या! नुसत्या कोंड्यावर महिनाभर मरगळून बसलेली आमची सात बदकं आज मान लांब करून धावली. आधी ही युक्ती का सुचली नाही? सुशीला तर त्यांना बाजारात नेऊन विकायलाच निघाली होती. आता नाही विकत.

पण एक खुपतंय. सोमवारी मी जीव मारत नाही, आणि उद्यापर्यंत थांबवत तर नव्हतं. म्हणून सकाळी अळ्यांच्या टपात फळी तिरकी लावली, वरचं टोक बाहेर परातीवर. कुजक्या भाजीत वाढलेल्या अळ्या मोठ्या झाल्या की कोरड्या जागेकडे स्वतःच चढतात. फळीवरून त्या थेट बदकांच्या परातीत पडायला लागल्या. माझा हात कुठेच लागला नाही. मोठ्या खुशीत सुशीलाला बोलावून दाखवलं.

"अवो, ही फळी कुणी लावली?"

"मीच की. पण अळ्या आपल्या आपण पडत्यात."

"व्हय तर. आन् परात बी आपल्या आपण चालत आली."

ती हसत चुलीकडे गेली. मला हसू आलं, आणि लाजही वाटली. फळी मीच लावली होती. मग हात कुणापासून लपवत होतो?

आत्ता दिवा लावताना महादेवाला सांगितलं, आजचा सोमवार मी मोडला. पुढच्या सोमवारी कोंडाच घालीन. फळी काढून ठेवली आहे. उद्या मंगळवार. उद्या मूठ भरून मीच घालणार. कधी उजाडतंय असं झालंय.