डाव्या बुटाचा तळ

१० जानेवारी

ती. आत्यास,
प्रभूच्या नावाने सलाम, वि. वि.

कॉलेज अर्धवट सोडलं म्हणून बाबा अजून माझं नावही घेत नाहीत, हे तुझ्या पत्रातून कळलं. न घेवोत. बूट शिवायचं काम मला आवडतं. दुकानाचे मालक काका कडक आहेत, पण हाताला धरून शिकवतात.

पण आता हेही सुटणार. आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते ती (हो, तीच, जिच्यापायी मी पहिल्या बाकावर बसायला लागलो आणि तू मला 'भाविक' म्हणून चिडवलंस), तिचं लग्न ठरलं. शाळेतल्या मास्तरशी. मी तिच्याशी कधी चकार शब्द बोललो नाही, मान्य. पण बोलणार होतो ना!

लहानपणच्या आजाराने मास्तरचा डावा पाय आखूड राहिलाय. काल तो दुकानात आला. लग्न लागल्यावर तिच्यासोबत वेदीपासून दारापर्यंत न धडपडता चालायचंय, डाव्या बुटाला उंच तळ लावून द्या म्हणाला. काकांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालंय, म्हणून काम आलं माझ्या गळ्यात. कंबर दोन्हीकडे सारखी होईपर्यंत मी गुडघ्यांवर बसून त्याच्या पायाखाली एकेक पातळ फळी सरकवत होतो! संपल्यावर हातोडी अशी आपटली, की काका दचकले.

एक फळी कमी धरली तर कुणाच्या लक्षातही यायचं नाही. सगळ्यांसमोर लंगडेल, एवढंच. तूच सांग, काम सोडू की फळी?

तुझा,
तडतड्या

१५ जानेवारी

चि. तडतड्यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग प्रार्थना केली. क्रम चुकला, पण प्रभू मला ओळखून आहे. म्हणे बोलणार होतो! शाळेत गृहपाठही तू रोज करणारच होतास.

वैऱ्यावर प्रेम करावं, हे आपण बाकावर बसून ऐकतो, माना डोलावतो आणि घरी येऊन जेवतो. आमच्या वसतिगृहात वरच्या मजल्यावर एक बाई आहे, पहाटे बादल्या आपटते. तिच्याबद्दल मला आजवर काडीचं प्रेम वाटलेलं नाही. पण ती तापाने पडली तेव्हा सूप नेऊन दिलं. वाटायची वाट बघत बसले असते, तर सूप गार झालं असतं.

तेव्हा काम सोडू नकोस, फळीही सोडू नकोस. माया नसेल तर नसू दे, तळ नीट कर. माझा लोभ आहेच, तेवढी तुझी हातोडी सांभाळ.

तुझी,
आत्या

२४ जानेवारी

ती. आत्यास,
सलाम, वि. वि.

तुझं ऐकलं आणि तोंडघशी पडलो. म्हणजे पडला मास्तर, पण नाक माझं फुटलं.

एकही फळी सोडली नाही. चामड्याचे थर चिकटवले, दाबले, घासले. प्रत्येक थराला त्या माणसासाठी प्रार्थना केली. दातओठ खात केली, पण केली. स्वतःवरच खूश झालो होतो, की बघा लेको, ख्रिस्ती माणूस असा असतो!

तो आला, सोबत ती. बूट घालून खांबासारखा सरळ उभा राहिला. पाऊल टाकलं आणि थेट खिळ्यांच्या पेटीवर आदळला. पुन्हा उठला, तर कमरेला हात लावून मटकन खाली बसला. तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, त्या दिवशी हातोडी आपटलीस म्हणे, राग होता तर काम नको म्हणायचं होतं. माप बरोबर आहे म्हणून मी एवढा ओरडलो, की काकांनी मला मागच्या खोलीत पिटाळलं.

खोटं केलं असतं तर बदनाम झालो ते वाजवी तरी झालं असतं. लग्न दहा-बारा दिवसांवर आलंय. मी त्या बुटाला आता शिवणार नाही.

तुझा,
बदनाम तडतड्या

२७ जानेवारी

चि. तडतड्यास आशीर्वाद.

तुझं माप बरोबर असेल. पण दोन्ही पत्रांत फळ्या आहेत, थर आहेत, तुझी प्रार्थना आहे. मास्तरांना कसं चालणं सोयीचं पडतं ते कुठेच नाही. विचारलं होतंस का?

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्यात घात करणाऱ्याचेही होते. पाणी फार गार नाही ना, असं त्याने प्रत्येकाला विचारलं असणार. तसं लिहिलेलं नाही, पण माझी खात्री आहे. मला उत्तर लिहीत बसू नकोस. ऊठ, आणि त्यांच्याकडे जा.

आत्या

६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
प्रेमाचा सलाम, वि. वि.

गेलो. मास्तरांच्या खोलीचं दार उघडंच होतं. त्या दिवशी तसाच घरी नेलेला बूट घालून, खुर्चीची पाठ धरून ते चालायचा सराव करत होते. घामाने शर्ट भिजलेला. मला पाहून ओशाळले. म्हणाले, तू केलंस म्हणजे बरोबरच असणार, मलाच जमत नाहीये. आत्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माफी मागितली आणि विचारलं. ते म्हणाले, इतकी वर्षं झुकून चालल्यावर सरळ उभं राहिलं की जमीनच तिरकी वाटते. मग त्यांना दुकानात नेलं. एक थर सोलायचा, त्यांनी गल्लीत फेरी मारायची, पुन्हा एक थर. ते बास म्हणाले तिथे थांबलो. निम्माच तळ उरला. वर्षभराने अंगवळणी पडला की एक थर चढवू, असं आमचं ठरलंय. तीही आली होती. निघताना खाली पडलेली माझी हातोडी उचलून तिने हातात दिली.

बाबांनाही आज वेगळं पत्र टाकलंय. माझी बाजू मांडलेली नाही. त्यांचा गुडघा कसा आहे, एवढंच विचारलंय.

काल लग्न झालं. मास्तर थोडे झुकूनच, पण कुठेही न अडखळता दारापर्यंत गेले. ती कशी दिसत होती, हे तू विचारणारच. खरं सांगतो, मला माहीत नाही. मी सगळा वेळ त्या डाव्या बुटाकडे बघत होतो.

लोभ वाढवायला सांगत नाही, आहे त्यातला एकही थर सोलू नकोस.

तुझा,
तडतड्या