खांबावर बसल्याबद्दल

कोहका, भिलाई
अधिक ज्येष्ठ, गुरुवार

तीर्थरूप मामाजींना जावई नरेशचा साष्टांग नमस्कार (कागदावरच घालतो, प्रत्यक्षात कंबर वाकत नाही, त्याची हकीकत पुढे येईल).

आपली शुगर आता कशी आहे? मामीजींच्या डोळ्याची पट्टी निघाली का? आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. फोनच केला असता, पण तीन दिवस झाले, आपला फोन सारखा एंगेज लागतो. तो का एंगेज लागतो हे मला पक्कं माहीत आहे आणि माझा निम्मा राग त्याचाच आहे. तरी सासऱ्याला पत्र लिहिताना आवाज चढवू नये एवढं मला कळतं. म्हणून बसून, शांत डोक्याने लिहितो आहे. (बसून म्हणजे पलंगावर पालथा पडून.)

मामाजी, पहिली गोष्ट ही की मी काही मागितलं नव्हतं. धोंड्याच्या जेवणाला आपण तुमसरला बोलावलंत, मी आलो. पाटावर बसा म्हणालात, तर मी उभ्यानेच जेवतो म्हणालो. जावई रुसला असं समजून मामीजींनी ताटात आणखी दोन अनारसे वाढले, आपण पुरणावर तुपाची धार सोडली, शेजारचे लोक समजूत घालायला आले. मी लाजेने अनारसेच खात राहिलो. शेवटी रेणूनेच फोडलं. "बाबा, हे रुसले नाहीत. यायले बसताच येत नाही. खांबावरच्या पट्ट्यानं कंबर सोलून निघाली हाय." त्यावर आपण काय केलंत? दुःख करायचं, हळद लावायची. ते नाही. गळ्यातला टेप काढून, अख्ख्या सासुरवाडीसमोर, जावयाच्या बैठकीचं माप घेतलंत. आणि आकडा मोठ्याने सांगून लिहून घ्यायला लावलात. लोकांना अधिक महिन्यात चांदीचा पेला मिळतो, अंगठी मिळते. मला नारळ, शाल आणि चार दिवसांनी बसच्या टपावरून आलेली ट्रॅक्टरची सीट मिळाली.

सीट उत्तम होती, हे मी रागातही कबूल करतो. आतून काथ्या, वरून जाड स्पंज, त्यावर लाल रेक्झीन, दोन्ही बाजूंना कॅनव्हासचे पट्टे आणि खांबाच्या आडव्या लोखंडाला अडकवायचे दोन आकडे. चाळीस वर्षं सीटा भरणाऱ्या माणसाचा हात त्यात दिसत होता. पण तिच्या पाठीवर पिवळ्या रंगात, वीतभर उंचीची अक्षरं काहून रंगवलीत? "गुलाबराव सीट मेकर, बस स्टँड, तुमसर" आणि खाली मोबाईल नंबर! ट्रॅक्टरवर ठीक आहे, मागून येणारा वाचतो. खांबावर कोण मागून येणार, असं मला वाटलं आणि मी ती अक्षरं खरवडली नाहीत, ही माझी चूक.

आता आपल्याला आमचं काम समजावतो, कारण लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी आपण मला तारा जोडणारा समजता. आमचं खरं काम थांबण्याचं आहे. वर चढायचं, पट्टा आवळायचा आणि सबस्टेशनमधून 'लाइन बंद झाली' असा निरोप येईपर्यंत तारेला हात न लावता लटकत राहायचं. कधी वीस मिनिटं, कधी तासभर. मध्येच खाली उतरून पुन्हा चढलं तर गुडघे संपतात. तेवढा वेळ सगळा देह चार बोटं रुंदीच्या पट्ट्यावर असतो. त्यात मे महिना, चव्वेचाळीस डिग्री, सिमेंटचा खांब पँटीतून भाजतो. या जाचावर मी बावीस वर्षांत सगळे उपाय केले. पट्ट्याखाली ओला गमछा घालून पाहिला (दहा मिनिटांत वाळतो आणि कडक होऊन जास्त कापतो). रेणूच्या गोधडीचा तुकडा शिवून पाहिला (मुंग्या झाल्या). बुटात दोन-दोन मोजे, अंगात सुती बनियन, चढण्याआधी गूळपाणी. फकिरा, जो खाली उभा राहून माझा दोर सांभाळतो, तो तर कमरेला तिळाचं तेल चोळायला सांगतो. मी चोळलं आणि पट्टा खाली घसरला. तो उपाय मी पुन्हा केला नाही.

तर सोमवारी सुपेला चौकात दोन तारा जोडणारा जंपर जळाला. मी चढलो, पट्टा बांधला (पट्टा सोडून मी कधीच काही केलेलं नाही, हे चौकशीवाले विचारतील तेव्हा आपणही सांगा), सीट अडकवली आणि बसलो. मामाजी, खरं लिहितो. बावीस वर्षांत पहिल्यांदा खांबावर माझ्या कमरेतली कळ थांबली. पाय मोकळे झाले. वारा होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी घाम समजून पुसलं. आपल्याविषयी मनात फार चांगले विचार आले. ते पाऊण तास टिकले.

कारण सबस्टेशनचा निरोप यायला पाऊण तास लागला आणि खाली अर्ध्या बाजाराचे पंखे बंद. मोहित नावाचा एक मोबाईलवाला आहे, त्याने काउंटरवरून माझा व्हिडिओ काढला. लाल सीटवर मी, पाय हलवतो आहे (मुंग्या आल्या होत्या, म्हणून हलवत होतो), पाठीमागे आपलं नाव आणि नंबर. वर त्याने हिंदीत लिहिलं, 'सुपेला में बिजली गुल, लाइनमैन आराम में फुल.' मी खाली येईपर्यंत तो व्हिडिओ सेक्टर २ पर्यंत पोचला होता. खांबाखाली गर्दी जमली. कोणी तारेकडे पाहत नव्हतं, सगळे माझ्या बैठकीकडे पाहत होते. फकिराने खालून ओरडून सांगितलं, "नरेशभाऊ, इतक्यात उतरू नोको. लाइट गेल्याचा राग नाही लोकायले, तू बसला याचा राग हाय."

मला त्या दिवसापासून अन्न गोड लागत नाही ते या वाक्यामुळे. तीन वर्षांपूर्वी कोहक्यातच मला खांबावर चक्कर आली होती. शुद्ध हरपून मी पट्ट्याला लोंबत होतो. तेव्हाही गर्दी जमली होती. लोकांनी फकिराला विचारलं, लाइट कधी येईल. व्हिडिओ कोणी काढला नाही. माणूस लोंबत असेल तर तो काम करतो आहे, आणि बसला तर हरामखोर!

मंगळवारी वीज कंपनीची नोटीस आली. ड्युटीवर असताना खांबावर बसणे, परवानगी नसलेलं सामान वापरणे, आणि सरकारी खांबावर सासरच्या दुकानाची जाहिरात करणे. साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. स्वतः ते फिरत्या खुर्चीत, खुर्चीवर टॉवेल, पाठीला उशी. मी उभा. आराम करायचा असेल तर घरी जा, असं त्यांनी मला हिंदीत ऐकवलं, उशी नीट करत करत. आणि 'यापुढे खांबावर बसणार नाही' असा छापील माफीनामा पुढे सरकवला. माझ्या तोंडात जे आलं ते मी पत्रात लिहीत नाही, मामीजी वाचतील. तेव्हापासून पुन्हा नुसता पट्टा आणि पुन्हा हे पालथं पडणं.

आणि या सगळ्यात आपला एकच फोन आला, तोही मंगळवारी सकाळी. जावई कसा आहे, हे आपण विचारलं नाहीत. व्हिडिओत पिवळी अक्षरं नीट वाचता येतात का, हे विचारलंत! राजनांदगावपासून लोक सीटची चौकशी करत आहेत, हेही आनंदाने सांगितलंत. इकडे माझी नोकरी आणि तिकडे आपला सीझन.

तरी आपली सीट मी परत पाठवतो आहे. तुमसरच्या बसने येईल, उतरवून घ्या. पुढच्या अधिक महिन्यात मला पेला चालेल.

मामीजींच्या पाया पडतो. दुकानातल्या सगळ्यांना माझी आठवण सांगा. चूकभूल पोटात घाला, मी काही कमी लिहिलेलं नाही.

आपला, रागात पण रीतीत राहिलेला जावई,
नरेश

ता. क. माफीनाम्यावर मी सही केलेली नाही. सोमवारी चौकशी आहे आणि आमचा ठेकेदार राजदीप म्हणतो, सही नसेल तर मंगळवारपासून येऊ नको. लग्नात आपण मला म्हणाला होतात, दुकानात येऊन बसा, काथ्या भरायला माणूस पाहिजेच आहे. मी चार पाहुण्यांसमोर उत्तर दिलं होतं की मी जन्मभर बस स्टँडवर बसणारा माणूस नाही. ते स्टूल अजून रिकामं आहे का? हे पत्र मी रेणूला वाचून दाखवलेलं नाही. उत्तर फकिराच्या पत्त्यावर पाठवा.

ता. क. दुसरा. फकिराला एक सीट हवी आहे, बैठक जरा रुंद. आणखी पाच लाइनमन विचारून राहिले आहेत. नाव टाका, पण आतल्या बाजूने.

ता. क. तिसरा. बस स्टँडवर चकरा मारू नका, सीट पाठवत नाही. सोमवारी चौकशीला ती मी सोबत नेणार आहे. साहेबांच्या केबिनमध्ये ठेकेदाराच्या माणसाला खुर्ची देत नाहीत.