बाहेरगावचे मतदार

हरिओम,

मी नगरपालिकेले उभी आहो. आपला वार्ड महिलेसाठी राखीव निघाला, अन् ह्यांनी माह्या नावानं फॉर्म भरला.

घरात सध्या बाहेरगावच्या मतदारांची यादी फिरून राह्यली. तुले पुण्याले जाऊन बारा वर्षं झाली, तरी तुहं नाव अजून मलकापुरातच आहे. ह्यांनी त्या नावाखाली रेघ ओढली. "हा हरिओम कोण आहे? मागच्या खेपेले मी सात मतांनी पडलो. याले आणाच लागते." मी म्हटलं, "मले काय माहीत."

परवा प्रचाराले तुमच्या गल्लीत गेली. तुह्या आईनं मले ओवाळलं, अन् न विचारताच तुहा नंबर माह्या पत्रकाच्या मागं लिहून दिला. म्हणाली, "तूच लाव बाई फोन. तुह्यासाठी येईन तो."

बाकी सगळ्याइले मी फोन केले, एक दिवस काढून या म्हटलं. तुले तेवढा लावला नाही. बुलढाण्याच्या एसटीत तू माह्यासाठी रुमाल टाकून खिडकी धरायचा, अन् लग्न ठरल्यावर मी तुले साधं सांगतलंही नाही. मंग "ये" म्हणाचं कितीदा मनात आलं. आता म्हटलं, तर तू येशीन, मत देशीन अन् चालला जाशीन. इतक्या वर्षांचं "ये" मले त्यासाठी खर्चाचं नाही.

उद्या मतदान आहे. मी एका मतानं पडली, तर ते कोणाचं, हे मलेच माहीत राहीन.

मशीनवर नाव लंबं आहे, तुह्यासाठी मात्र
संजू