तळघरातली नळी

डुलूथ, मिनेसोटा
२ नोव्हेंबर १९८६

प्रिय कॉरीन,

तू आणि क्रिस्टा बऱ्या असाल. तिचे पुढचे दोन दात आले, असं डेल मागे सांगत होता. इथे सरोवरावरचा बोचरा वारा सुरू झालाय. तुझ्या सासूचा, हेल्मीचा गुडघा दुखतो, पण काठी घ्यायला ती तयार नाही. काल मी खिडक्यांना प्लास्टिक लावून घेतलं.

तळघरातली भिंत पुन्हा उघडावी लागली. कपडे धुण्याचं मशीन सुरू केलं की सिंकमधून पाणी वर येत होतं. तू जाऊन पाच महिने झाले, तरीही.

इथवर लिहून पत्र दोन दिवस तसंच पडलं होतं.

ते मशीन आणि सिंक खाली बसवलं ते तुझ्यासाठीच. तान्ह्या क्रिस्टाला घेऊन, कपड्यांचं गाठोडं ओढत, तुला बर्फातून धुलाईच्या दुकानात जावं लागू नये म्हणून. डेल म्हणाला होता, "पापा, प्लंबरला बोलावू या." मी हसलो. एकतीस वर्षं जहाजांवर वाफेच्या नळ्या जोडलेला माणूस मी. पण वाफेला दाब असतो, ती कुठेही चढते. सांडपाण्याला उतारच लागतो. घराच्या पायाचा दगड चुकवताना माझी नळी शेवटच्या सहा फुटांत वर चढत गेली.

मे महिन्यात पाणी जमिनीवर उसळलं आणि हेल्मीच्या आईची फिनलंडहून आलेली पेटी भिजली. आतल्या विणकामाला डाग पडले. हेल्मी खाली येण्याआधी उतार तपासायला मी नळीवर पाणसळ ठेवून पाहिली होती. बुडबुडा भलत्याच बाजूला गेला. मला तेव्हाच कळलं, कॉरीन. नंतर नाही.

"ही पोरगी दुपटी धुताना काय काय सोडते कोण जाणे," हेल्मी म्हणाली.

तू माझ्याकडे पाहिलंस. "पापा, तुम्ही नळी उघडलीत ना? माझं काही अडकलं होतं का?"

नळीत काही नव्हतं. क्रिस्टाचा एक ओला मोजा जमिनीवर पडला होता. तो उचलून मी म्हणालो, "हा निघाला."

तू हेल्मीची माफी मागितलीस. पेटीतलं एकेक कापड तीन दिवस हातानं धूत बसलीस. मी वर कॉफी पीत होतो. मग दूध उतू गेलं तरी तुला त्या मोज्यावरून ऐकवलं जाऊ लागलं. जूनमध्ये तू आईकडे निघालीस, तेव्हा तुझी बॅग मीच गाडीत ठेवली. तेव्हाही तोंड उघडलं नाही.

गेल्या शनिवारी रूडी पेर्को नावाचा प्लंबर आला. विजेरी मारून म्हणाला, "हे कुठल्या शहाण्यानं बसवलंय? पाणी काय टेकडी चढणार?"

"आमच्या सुनेनं मोजा घालवला होता त्यात," हेल्मी म्हणाली.

"मोज्याचं काय घेऊन बसलात बाई. ही पहिल्या दिवसापासून उलटी आहे."

डेल माझ्याकडे बघत होता. मला ठाऊक नव्हतं, असं अजूनही म्हणता आलं असतं. ते ओठांवर आलंही होतं. मग बोललो, "मोजा नळीत नव्हता. मी तो जमिनीवरून उचलला होता."

रूडी उगाच हत्यारं आवरायला लागला. डेलनं एवढंच विचारलं, "ती माफी मागत होती तेव्हा तुम्ही तिथेच होतात?"

"हो."

तो जिना चढून गेला. तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही. शुक्रवारी तो तुझ्याकडे यायला निघेल, हे हेल्मीकडून कळलं. त्यालाही तुझी माफी मागायची आहे, ती त्याची त्याला मागू दे. माझी रदबदली करू नकोस, अशी चिठ्ठी मी त्याच्या गाडीत ठेवली आहे.

परत ये, असं मी लिहिणार नाही. ते म्हणायचं तोंड मला उरलेलं नाही.

हेल्मीनं हे पत्र वाचलंय. मग म्हणाली, "मी त्या मुलीला काय काय बोलले." पाकीट चिकटवू नका, माझ्या चार ओळी घालायच्या आहेत, म्हणाली. त्या काय असतील ते मी विचारलं नाही.

ज्याच्या शब्दावर तू विश्वास ठेवलास, तो
आर्वो