मागच्या खोलीची चौकट

रविवार, १२ तारीख

दादा,

धाकटीचा नमस्कार. इकडे सगळे ठीक, तूही ठीक असशील असं लिहायचं असतं म्हणून लिहिलं. माझे गुडघे कुरकुरतात, बाकी तोंड शाबूत आहे.

कारखाना चालू आहे. सध्या शाळेची बाकं करतोय. सरस तापला की तोच घाणेरडा वास सुटतो, आणि मला ते टेबल आठवतं. तुला आठवतं ना? पुढे कामांची गर्दी, म्हणून बाबांनी ते मागे तुझ्या खोलीत जोडलं. दोन्हीकडे खणांची कपाटं, राजाने बसावं असं. पॉलिश मी मारलेलं. गिऱ्हाईक टेम्पो घेऊन उभं, आणि टेबल काही खोलीच्या दारातून निघेना! उभं केलं, आडवं केलं, तिरकं घातलं. बाबा म्हणाले, "कडा रंधून काढू." काका म्हणाले, "मधून कापू, बाहेर नेऊन जोडू." दोघांची जुंपली. टेबल खाली टेकवलं, तर तू आपला त्याच्याखाली पाय हलवत पडलेला.

"अरे बैला, ऊठ की!" बाबा ओरडले.

तर पडल्या पडल्या म्हणालास, "टेबलाच्या का मागे लागलाय? चौकट काढा. तीपण आपणच बसवलीय."

बाबांनी हातातला रंधा खाली ठेवला. बाबांच्याच हातची चौकट, पण दार म्हणजे दार, ते लाकूड आहे हे एकाही सुताराला दिसलं नव्हतं. काका हसता हसता भुशात बसले. टेबल गेलं आणि तीच चौकट परत ठोकली. म्हणे, असं टेबल पुन्हा कोण करून घेणार!

पुरे झालं. लिहायचं होतं ते वेगळंच.

तुला अर्धांगाचा झटका आल्यापासून फोनवर माझा एकच धोशा. पाय हलला का? चालायला लाग, मग घरी ये. तूही म्हणतोस, चालायला लागलो की येतो. परवा वहिनी रडत म्हणाली, "वन्सं, डॉक्टर म्हणतात, आता खुर्चीच." मी तिच्यावरच डाफरले आणि फोन आपटला. तिला सांग, चुकलं.

मग टेप घेऊन तुझ्या खोलीचं दार मोजलं. तुझी चाकांची खुर्ची तिथे अडणार. अरुंद खुर्ची मिळते का म्हणून बाजार पालथा घातला, दुकानदारांशी भांडले. काल सरस तापला, आणि तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मीही टेबलच तासत बसले होते की रे. आधी तुझे पाय, मग तुझी खुर्ची.

चौकट काढलीय. पहार मीच लावली, मिस्त्री नुसता बघत होता. भिंतीला हे भगदाड पडलंय. नवी चौकट मुद्दाम बसवली नाही. किती रुंद हवी ते तू खुर्चीवरून आत जाऊन सांगायचं, मग ठोकू.

बसल्या बसल्याच ये, दादा.

वाट बघतेय वगैरे मी लिहिणार नाही. भगदाडातून वारं फार येतं, एवढंच.

तुझी,
अजून पॉलिशच मारणारी
धाकटी